सोडली, आणि खाली सही

मेहकर
दि. २२ नोव्हेंबर २०२३

ती. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि. पत्रास कारण की, फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं शेजाऱ्यांना. हर्षलदादानं घेऊन दिलेलं कानाचं मशीन अजून डब्यातच आहे, असं आईनं कळवलं. एकतीस वर्षं एसटीच्या इंजिनाशेजारी बसून कान गेले, त्यात लाजायचं काय? तुम्ही मशीन घालेपर्यंत मी पत्रं लिहीत राहीन.

माझं बरं चाललं आहे. सकाळी आठला नाक्यावर उभी राहते. धुळीनं घसा बसतो, शिट्टी फुंकून गाल दुखतात. लोकांना वाटतं वाहतूक पोलिसांचं काम म्हणजे दंड करणं. खरं काम ठरवण्याचं आहे. दिवसात शंभर गाड्या चुकतात, शंभर थांबवता येत नाहीत. कुणाला दंड, कुणाला नुसता दम, कुणाकडे पाहून न पाहिल्यासारखं करायचं, हे उभ्या उभ्या ठरवावं लागतं. काल एका गुरुजींना हेल्मेटवरून अडवलं, तर ते मला नागरिकशास्त्र शिकवायला लागले. मी म्हटलं, तो धडा पाठ आहे गुरुजी, म्हणूनच इथं उभी आहे.

आता जे सांगायला बसले ते. परवा दिवस मावळताना वाहेदचा ऑटो आला. परवाना तीन माणसांचा आणि आत अकरा बाया, कापूस वेचून परतणाऱ्या. शेत हिंमतरावांचं, ऑटोही त्यांचाच. वाहेद पगारावर चालवतो. मी सगळ्यांना खाली उतरवलं. त्यांच्यात तानुबाई म्हणून एक वयस्क बाई होती. ती म्हणाली, उतरव बाई, पण मंग आमाले घरी बी तूच पोचव. शेवटची बस गेली होती, गाव सात किलोमीटर. वाहेद म्हणाला, मालक दुसऱ्या फेरीचं डिझेल देत नाही. माझ्या हातात चलानचं मशीन होतं. मी ते खाली घेतलं. उद्यापासून दोन फेऱ्या कर, असं बजावून सोडून दिलं.

मला बरं वाटलं. अजूनही वाटतं आहे. तुम्हाला पटणार नाही, हे ठाऊक असूनही लिहिलं. आईला नमस्कार. रागावलात तर राग पाकिटात घालून पाठवा, पण पत्र पाठवा.
तुमची
धम्मशीला

•

वडनेर भोलजी
दि. २८ नोव्हेंबर २०२३

चि. धम्मशीलास,
जय भीम आणि आशीर्वाद. पत्र भेटलं. मशीन दोन दिवस घातलं होतं. तुह्या आईचं बोलणं पुरं ऐकू आलं, मंग काढून ठेवलं.

आईनं तुही लई तारीफ केली. मी नाही करत. मी जळगाव जामोद डेपोत एकतीस वर्षं गाडी चालवली. एका जत्रेच्या दिवशी माह्या गाडीच्या टपावर पोरं बसले होते. एका पोलिसानं भर उन्हात गाडी थांबवून एकएक पोरगं खाली उतरवलं. अर्धा घंटा गेला. मले त्याचा असा राग आला, का विचारू नको. पण त्या दिवसापासून मी टपावर कोणाले चढू देलं नाही.

तू सोडलं, त्याच्यातून वाहेद काय शिकला? बाई चांगली आहे, एवढंच. चांगल्या बाईच्या नाक्यावरून माणूस रोजच अकरा जणी नेते. आणि तो मालक? त्याले तर माहीतच नसीन का कोणी अडवलं होतं. दया करायची तर घरी कर, रस्त्यावर नको. हे मी बाप म्हणून नाही, डायवर म्हणून लिहून राह्यलो.

ज्वारी पोटरीत आली. जेवत जा. आमची आठवण ठेव.
तुहा
बाबा

•

मेहकर
दि. १० डिसेंबर २०२३

ती. बाबांस,
सविनय जय भीम. तुम्ही लिहिलं होतं तेच झालं.

परवा वाहेदचा ऑटो उताराच्या वळणावर उलटला. आत अकराच बाया होत्या. जीव कुणाचा गेला नाही. दोघींना टाके पडले आणि तानुबाईचा उजवा हात कोपरात मोडला. वाहेदवर गुन्हा दाखल झाला. हिंमतरावांनी दवाखान्यासमोर चारचौघांत सांगितलं की पोलीसच गाड्या सोडतात, त्याला मालक काय करणार. अठरा दिवसांपूर्वी त्या बाईनं डोळ्यांनी पाहून सोडली, असा त्यांनी वर अर्जही दिला. वाहेदनंच त्यांना ते सांगितलं असणार. मला सात दिवसांत लेखी खुलासा द्यायचा आहे.

आमच्यातले एक जुने हवालदार मला मुलीसारखं मानतात. ते म्हणाले की मशीनमध्ये नोंद नाही, दंड नाही, मग गाडी थांबवलीच नव्हती असं लिहून मोकळी हो. अकरा बाया कोर्टात बोलायला येत नाहीत आणि वाहेद आता आरोपी आहे, त्याचं कोण ऐकतं.

त्या संध्याकाळी मी मशीन खाली घेतलं, ते सारखं दिसतं. तुमचं मागचं पत्र काढून तीनदा वाचलं. आईला यातलं काही सांगू नका.
तुमची
धम्मशीला

•

वडनेर भोलजी
दि. १३ डिसेंबर २०२३

चि. धम्मशीलास,
जय भीम. हवालदार म्हणते तसंच लिहून दे.

मागच्या पत्रात मी डायवर म्हणून लिहिलं होतं. हे बाप म्हणून लिहून राह्यलो. ही वर्दी तुले तिसऱ्या भरतीत भेटली. दोन डाव धावण्यात गेली, पायाच्या नखातून रक्त काढत आली. तुह्या आईनं दुसऱ्याच्या वावरात निंदण करून तुह्या शिकवणीचं पाह्यलं. ते सारं एका ऑटोपाई घालवायचं काय? खरं लिहून तानुबाईचा हात जुळते काय, सांग मले. नाही जुळत. मंग काऊन लिहायचं?

हिंमतरावाचा साडू नांदुऱ्याले राह्यते. माह्या ओळखीचा आहे. मी सोमवारी त्याच्याकडे जाऊन शब्द टाकतो, अर्ज मागे घ्यायले लावतो. तू फक्त हट्ट करू नको. लहानपणापासून तुह्या नाही म्हणण्याचं मले भेव वाटते.

हे पत्र वाचून फाडून टाक.
बाबा

•

मेहकर
दि. १६ डिसेंबर २०२३

ती. बाबांस,
सविनय जय भीम. पत्र फाडलं नाही. तुम्ही साडूकडे जाऊ नका. गेलात तर मी घरी पाऊल टाकणार नाही, आणि माझ्या नाही म्हणण्याचं तुम्हाला भेव वाटतं हे बरंच आहे.

खुलासा काल दिला. जसा लिहिला तसा उतरवते. सदर ऑटो मी स्वतः थांबवला होता. आत अकरा महिला होत्या. दंड न करता सोडण्याचा निर्णय माझा एकटीचा होता, कुणाच्या सांगण्यावरून किंवा लोभानं नव्हता. तो चुकीचा ठरला, त्याची जबाबदारी माझी आहे. चालक मालकाच्या हुकमावरून एकाच फेरीत सर्वांना नेत होता, याचीही चौकशी व्हावी. साहेबांनी दोनदा वाचलं. शेवटची ओळ राहू द्यायची का, असं विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी कागद ठेवून घेतला.

खरं लिहून हात जुळत नाही, कबूल. पण थांबवलीच नव्हती असं लिहिलं, तर त्या संध्याकाळी तिथं मी नव्हतेच आणि वाहेद एकटा खोटारडा. हिंमतराव तर आधीच गुन्ह्यात कुठं नाहीत. मग त्या बायांना कोणी बसवलं आणि कोणी सोडलं? आपोआप पडल्या का त्या? वर्दीसाठी नखं गेली, ती असं लिहायला नाही गेली.

तानुबाईला भेटून आले. माफी मागायला गेले होते, ती काही मिळाली नाही. तिनं सांगितलं की त्या दिवशी तू घरी जाऊ देलं नसतं तर तुले शिव्या देल्या असत्या, आता भाकर थापता येत नाही म्हणून देतो. मग सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मी तो घेतला.

जे व्हायचं ते होईल. तुमचा राग मला चालेल, तुमचा वशिला चालणार नाही.
तुमची
धम्मशीला

•

वडनेर भोलजी
दि. २० डिसेंबर २०२३

चि. धम्मशीलास,
जय भीम. साडूकडे गेलो नाही. बस स्टँडपर्यंत गेलो होतो. नांदुऱ्याची बस लागली, भरली, गेली, मी बाकड्यावरच बसून राह्यलो. घरी आलो तर तुह्या आईले सारं समजलेलं. माह्या दुसऱ्या सदऱ्याच्या खिशातलं तुहं पत्र तिनं सुनेकडून वाचून घेतलं होतं. ती म्हणे, पोरीनं बरोबर केलं अन् तुमी काऊन तोंड पाडून बसले.

मले अजून पटलं नाही. पण तुह्या जागी मी असतो तर लिहू शकलो नसतो, हे खरं आहे.
बाबा

•

मेहकर
दि. ६ मार्च २०२४

ती. बाबांस,
सविनय जय भीम. निकाल लागला. माझी वेतनवाढ एक वर्षासाठी रोखली. दोन महिने टेबलावर आवक-जावक सांभाळली, आलेल्या कागदांवर शिक्के मारले. चौकशीत हिंमतरावांचंही नाव आलं. त्या ऑटोचा परवाना निलंबित झाला आणि वाहेदच्या खटल्यात मालकही आरोपी झाले. वाहेद आता दुसऱ्याची गाडी चालवतो. तो मला ओळख देत नाही, आणि देऊ नये.

टेबलावर बसून एक काम केलं. सुट्टीच्या दिवशी तानुबाईच्या गावी गेले. संध्याकाळची बस पाऊण तास उशिरा सोडावी, असा अर्ज बायांनी डेपोला द्यायचा ठरवला. मी नुसता लिहून दिला. तानुबाईनं डाव्या हाताचा अंगठा पहिला उठवला. बस आता साडेसहाला सुटते.

सोमवारपासून मी परत नाक्यावर आहे. पहिल्याच संध्याकाळी हिंमतरावांचा दुसरा ऑटो आला. नवा ड्रायव्हर, नऊ बाया. थांबवला. ड्रायव्हरनं मालकाला फोन लावून माझ्यापुढं धरला. मी फोन हातात घेतला नाही. जे बोलायचं ते इथं येऊन बोला, असं त्यालाच मोठ्यानं सांगितलं, म्हणजे पलीकडेही ऐकू जावं. सहा जणींना उतरवलं आणि मालकाच्या नावानं चलान केलं. बस येईपर्यंत वीस मिनिटं त्या बाया मला शिव्या देत होत्या. तानुबाईही त्यांच्याबरोबर होती, वेचायला नाही, डबे सांभाळायला येते. तिनंही दिल्या. बस आली, त्या बसल्या, गेल्या. हिंमतराव काही आले नाहीत.

आता बरेच जण विचारतात की यापुढं सगळं नियमानंच ना. हवालदारही म्हणाले, पोरी, एकदा पोळलीस, आता सरसकट दंड करत जा, डोक्याला ताप नाही. मी नाही म्हटलं. काल मोटरसायकलवर तिघं आले. नवरा, मध्ये तापानं फणफणलेली मुलगी, मागून तिला धरून बसलेली आई. दवाखाना दीड किलोमीटरवर. सोडली.

मी स्वतःची एक वही केली आहे. सोडलेल्या प्रत्येक गाडीचा त्यात नंबर, वेळ आणि कारण. त्यातही कधीतरी चूक होईल बाबा, माहीत आहे मला. मग विचारायला येणाऱ्यांनी वाहेदला धरायचं नाही, मशीन तपासायचं नाही. माझ्याकडे यायचं. नंबरापुढं लिहिलेलं असेल, सोडली, आणि खाली माझी सही.

तुमच्या मायेत कधी कपात झाली नाही, तेवढी ती अशीच चालू ठेवा.
तुमची
धम्मशीला