नळावरचा नंबर

आई, गुरुवारी रिपोर्ट येणार आहे आणि आज रविवार. मधले दिवस कसे काढायचे ते कळेना, म्हणून तुला लिहायला बसले. तुझ्या नातीच्या मानेला गाठ आली आहे. तू तिला पाहिलंच नाहीस. सव्वीस वर्षांची आहे, तुझ्यासारखीच हट्टी, आणि गाठीचं तिने मला तीन आठवडे सांगितलं नव्हतं. आत्ता ती समोर बसून पोहे खाते आहे, मोबाइल बघते आहे, आणि माझी नजर राहून राहून तिच्या मानेवर जाते. "आई, सारखी बघू नकोस ना गं," म्हणते. मग मी खिडकीबाहेर बघते.

तुला इंग्रजी येत नव्हतं, पण 'नंबर' हा शब्द तुझा होता. तो इंग्रजी आहे हे मला पाचवीत बाईंनी सांगितलं तेव्हा पटलंच नव्हतं. घोडपदेवच्या आपल्या चाळीत सगळं नंबरावर चालायचं. नळाला नंबर, रॉकेलला नंबर. बाबांना गिरणीत नावाने फारसं कुणी ओळखत नव्हतं, नंबराने ओळखायचे. वर्गात माझा तिसरा नंबर आला की पहिल्या दोघी कुणाच्या, हे तुला आधी हवं असायचं. तुझ्या डोळ्यांना नंबर लागला तरी तू चष्मा केलाच नाहीस, सुईत दोरा माझ्याकडून ओवून घेत राहिलीस. कोपऱ्यावरचा मटकेवाला दोन नंबरचा माणूस, म्हणून त्याच्या घरी जायचं नाही. पलीकडच्या खोलीतली म्हातारी गेली तेव्हा तिची बहीण डोळे पुसत म्हणाली, "आता माझा नंबर," आणि तू तिच्या हातात चहाचा कप दिलास, जणू ती काही विशेष बोललीच नव्हती.

नळावरच्या रांगेला तुला कुणी नेमलं नव्हतं, पण राखण तुझीच. आदल्या संध्याकाळी हंडे लागायचे आणि सकाळी पाणी येईपर्यंत ते माणसांच्या जागी उभे असायचे. एखादी वेळेवर आली नाही तर मागचीने आधी तिचा हंडा भरून बाजूला ठेवायचा, मग आपला. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. माझ्या सातवीच्या परीक्षेच्या दिवशी आपला हंडा पाचवा होता. मला उशीर होत होता, आजूबाजूला कुणी नव्हतं, मी तो उचलून तिसरा केला. तू आलीस आणि एका नजरेत ओळखलंस. आरडाओरडा केला नाहीस. "गो, हंडो उचल. शेवटाक ठेव," म्हणालीस. मी म्हटलं, पाचवा तरी ठेवू दे, तो तर आपलाच आहे. "पुढे सरकवलंस ना? मगे पाचवो पण गेलो." तोवर जमलेल्या सगळ्या बायका बघत होत्या. मी हंडा उचलून शेवटाला नेला, शाळेत अर्धा तास उशिरा पोचले, आणि एक अख्खा प्रश्न राहून गेला. घरी आल्यावर तू पेपर कसा गेला ते विचारलंस. मी म्हटलं, बरा.

मग मोठी झाल्यावर मी परळच्या हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर नोकरीला लागले. वर्ष झालं नसेल, तुझं पोट दुखायला लागलं. तपासणीचा नंबर दीड महिन्यानंतरचा मिळाला. मी म्हटलं, यादी ठेवणाऱ्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत, शब्द टाकते. तू चुलीवरच्या, म्हणजे स्टोव्हवरच्या भातावर झाकण ठेवलंस आणि म्हणालीस, "माका काय झाला नाय. नंबर येतलो तेवा जावया." मी शब्द टाकला नाही. तुझी भीती वाटली म्हणून नव्हे; खरं सांगायचं तर मला शेवटाला ठेवलेला तो हंडा दिसत होता. दीड महिन्यानंतर डॉक्टर म्हणाले, फार पसरलंय. तो दीड महिना वाचला असता तर फरक पडला असता का, हे मी कुणालाच विचारलं नाही. एकतीस वर्षं त्याच इमारतीत जाते-येते, ज्यांना विचारायचं ते रोज जिन्यात भेटतात, आणि अजून विचारलेलं नाही. तुझा मला राग येतो, आई. तुझ्या फोटोला हार घालतानासुद्धा येतो.

म्हणून या वेळी मी फोन केला. पोरीच्या तपासणीचा नंबर तीन आठवड्यांनंतरचा होता. आता यादी ठेवतो तो मुलगा माझ्या हाताखाली शिकलेला. "ताई, एवढंच ना? शुक्रवारी घेऊन या. एकाला सोमवारवर टाकतो," म्हणाला. कुणाला, ते मी विचारलं नाही. शुक्रवारी विचारायची गरजही पडली नाही. आम्ही बाकावर बसलो होतो आणि खिडकीवर एका बाईला सांगत होते, तुमचं आज नाही, सोमवारी या. ती सावंतवाडीकडून रात्रभर बसने आली होती. पिशवीत कपडे, डब्यात भाकरी. ती येऊन माझ्याच शेजारी बसली. "काय करूचा?" ती म्हणाली. "नंबर येतलो तेवा येतलो."

आवाज तुझा नव्हता, बोली तुझी होती. मी तिला कॅन्टीनमध्ये नेऊन चहा पाजला. लालबागला तिचा भाचा राहतो, तिथे दोन दिवस काढीन म्हणाली. तिच्याही पोटातच दुखतं. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून तिने माझा हात धरला. "तुमी हयच कामाक ना? मग सोमवारी माझ्या नंबरार जरा लक्ष ठेवा. परत कोणी पुढे घुसाक नको."

"ठेवते," मी म्हटलं. काल हाफ डे होता, तरी जाताना वर जाऊन यादी पाहिली. सोमवारी तिचा नंबर चौथा आहे. उद्या साडेआठला मी तिथे उभी राहणार, तिचं नाव पुकारेपर्यंत हलणार नाही. तेवढं तरी करीन. तुझा हंडा माझ्याकडे आहे, कुणी आता त्यात पाणी भरत नाही, माळ्यावर आहे. हा कागद घडी करून त्यात टाकते.

एक राहिलं. गुरुवारचा रिपोर्ट वाईट आला तर ऑपरेशनचा नंबर लावावा लागेल. तो मुलगा कुणाला खाली टाकतो ते आता मला माहीत आहे, तिचा चेहरा माहीत आहे, तिची भाकरी माहीत आहे. तरी मी फोन करीन, आई.