कुसुमच्या वहीतली बाई

राजुरी, मंगळवार, १४ नोव्हेंबर २०००

नणंदेची वही आज एकदाची वाचली. टीव्हीच्या मालिकेतली भुताची बाई एसटीनं आहुप्याच्या देवराईत राहायला येते, अशी गोष्ट कुसुमनं स्वतःच पुढं रचलीय. ऐकूनच हसू आलं होतं. दिवाळीला तिनं दिली तेव्हापासून वही फळीवरच पडून होती. आज कुसुम पारगावहून आली आणि समोरच बसली, म्हणून उघडली.

पहिली पानं गमतीचीच. मग ती बाई झाडाखाली टेकते आणि म्हणते, "आक्का, माजे पाय जरा हातात घे. लई गार पडल्यात."

माझ्या धाकट्या बहिणीचं हे शेवटचं बोलणं. माझ्या लग्नाआधीचं. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी पाय हातात घेतले नाहीत, डॉक्टरला आणायला धावले. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, ह्यांनासुद्धा. झोपेत बडबडले असेन का? पण कुसुमसमोर कशी?

"हे कुठनं आणलंस?" मी विचारलं.

"न्हाई ठाव, वयनी. ती बाई आपसूक तसंच बोलली, म्या नुसतं लिवलं. खोडू का?"

"नको. पुढं आक्का काय करते?"

"सुचलंच न्हाई. तुमी सांगा."

मी सांगितलं, आक्का खाली बसते, पाय मांडीवर घेते, चोळत राहते. कुसुमनं ते लिहिलं आणि पेन थांबवलं.

"आता ती बोलंनाशी झाली, वयनी."

हायसं वाटायला हवं होतं. पण तिनं अजून काही बोलावं, असंच मला वाटत राहिलं.