डक्टमधली जाळी

वाशी, १० नोव्हेंबर २०२५

ती. सिताराममामांस, सा. न. वि. वि.

तुमची सून संध्या बँकेतून घरी येताना हे पत्र पर्समध्ये घालून आणील. काँक्रीट दाबणाऱ्या व्हायब्रेटरच्या आवाजाने तुमचे कान गेले. फोनवर मी ओरडते आणि अख्खं ऑफिस वळून बघतं. त्यापेक्षा पत्र बरं.

उलव्याच्या ज्या इमारतीचं सेंट्रिंग तुम्ही घेतलं आहे, तिच्या स्लॅबचं ड्रॉइंग माझं आहे. पाइपांसाठी प्रत्येक मजल्यावर डक्टचं भोक ठेवतात. तिथल्या सळया मी कापायला लावलेल्या नाहीत. स्लॅबची जाळी भोकावरून तशीच पुढे जाते, फक्त तेवढ्या जागी काँक्रीट पडत नाही. पाइप येईल तेव्हा प्लंबर लागेल तेवढीच सळई कापेल. तोवर त्या भोकातून माणूस खाली जाणार नाही. चार मजले असे झाले.

आज बिल्डरच्या मॅनेजरने कळवलं, की पाचव्या स्लॅबपासून जाळी नको. मुकादमाचीच तक्रार आहे म्हणाला. शुक्रवारपर्यंत सुधारलेल्या ड्रॉइंगवर माझी सही हवी आहे.

मामा, तक्रार तुमची आहे का? नसेल तर मी भांडायला मोकळी आहे. असेल तर कारण लिहा.

आई गुडघे सोडून बरी आहे. तुमचा लोभ आहे हे धरूनच विचारते आहे,

अबोली


नावडे, १२ नोव्हेंबर

चि. अबोलीस, अनेक आशीर्वाद.

तक्रार माझीच. त्यात लपवायचं काय? जाळी मध्ये आली की भोकासाठी ठोकलेली खालची लाकडी पेटी काढायला माणसाला आडवं व्हावं लागतं. अर्धा दिवस जातो. मग प्लंबर ग्राइंडर घेऊन येतो आणि माझ्या आईचा उद्धार करतो. म्हणजे तुझ्या आजीचा. तिने तुझं काय वाईट केलं?

लहानपणी तू खोक्यांची घरं करायचीस आणि दार ठेवायला विसरायचीस. आता भोकही ठेवायला तयार नाहीस.

आम्ही भोकावर प्लाय टाकतो. पस्तीस वर्षं टाकतो आहोत. एवढ्या काळात माझ्या साइटवर एकच माणूस गेला, गोटीराम, नव्व्याण्णव साली. आणि तो पिऊन आला होता हे गावाला माहीत आहे. दारूला तुझं ड्रॉइंग काय करणार?

डक्टचं काम मी आता रूपेशकडे दिलं आहे. माझा मुलगा म्हणून नाही, हात चांगला आहे म्हणून. फक्त घाई फार.

सही कर. मॅनेजरशी वाकडं घेऊ नकोस, तुला अजून पुष्कळ इमारती करायच्या आहेत. तुझ्या आईला म्हणावं, जिने कमी चढ.

माझा आशीर्वाद तुला मागावा लागत नाही.

सिताराम


वाशी, १७ नोव्हेंबर

प्रिय अबोलीताई, स. न. वि. वि.

तुमची पत्रं पोचवते, आज माझंही एक. बाबांना हे माहीत नाही.

तुम्ही शुक्रवारी सही केलीत असं रूपेशकडून कळलं. तो खूश आहे. काल जेवताना त्याने एक गोष्ट सांगितली. शनिवारी चौथ्या मजल्यावर त्याला प्लाय हवा होता. डक्टच्या जाळीवरही ही माणसं सवयीने प्लाय टाकतात. तो त्याने दोन्ही हातांनी उचलला, समोर धरला आणि पुढे पाऊल टाकलं. समोर प्लाय, त्यामुळे पायाखालचं दिसलं नाही. पाय सळयांत अडकला. नडगी सोलली, चप्पल खाली गेली. ताईच्या जाळीने मला पाडलं, असं म्हणून हसत होता.

जाळी नसती तर काय झालं असतं, असं मी विचारलं. त्याने भात मागितला.

मला ड्रॉइंग कळत नाही. त्याची नडगी रोज दिसते. माझं नाव सांगितलंत तरी चालेल.

तुमची आठवण काढणारी आणि आता थोडी घाबरलेलीही,

संध्या


वाशी, १८ नोव्हेंबर

ती. मामांस, सा. न. वि. वि.

शुक्रवारी मी सही केली. तुमच्या शब्दावर केली असं म्हणणार होते, पण सही माझी होती.

रूपेशची नडगी बघा. कशी सोलली ते त्याला विचारा. तो टाळेल, संध्या सांगेल.

आज सकाळी मी सही मागे घेतली. मॅनेजर म्हणतो, शुक्रवारी पाचवा स्लॅब पडणार, आणि सही झालेल्या ड्रॉइंगप्रमाणेच पडणार. आमचे श्यामसुंदर सर म्हणाले, की तिथे चालणाराच नको म्हणतो, तर आपण कुणासाठी भांडायचं? मुकादमाने जाळी हवी असं लेखी दिलं तर ते नवं ड्रॉइंग काढतील. म्हणजे आता ते तुमच्याकडे आहे.

आणखी एक. गोटीरामबद्दल मी आईला विचारलं. तिला एवढंच आठवतं, की त्या दिवशी तुम्ही येऊन ओट्यावर बसलात आणि म्हणालात, त्याला काढला तेव्हा प्लाय त्याच्या अंगावर होता. मामा, प्यालेला माणूस भोकात पडेल. तो प्लाय घेऊन पडत नाही.

याचं उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. दोन ओळी मात्र शुक्रवारच्या आत द्या.

तुमच्यावर चिडलेली, तरी तुमचीच,

अबोली


नावडे, २३ नोव्हेंबर

चि. अबोलीस, अनेक आशीर्वाद.

दोन ओळी गुरुवारी मॅनेजरच्या टेबलावर ठेवल्या. तो म्हणाला, नको तर तुम्हीच म्हणत होतात. मी म्हटलं, मीच. शुक्रवारी सकाळी काँक्रीटच्या गाड्या गेटवर आल्या तरी तुझा नव्या ड्रॉइंगचा कागद आला नव्हता. मी माणसं खाली बसवली. मॅनेजर बराच वेळ बोलला. मला ऐकू आलं नाही, बहिरेपणाचा एवढा उपयोग. गाड्या परत गेल्या. दुपारी कागद आला. कापलेल्या सळयांना नव्या जोडून रूपेशने काल जाळी बांधली, तोंड वाकडं करून. स्लॅब उद्या आहे. यापुढचं काम तो बिल्डर मला देईल असं वाटत नाही.

आता गोटीरामचं.

तो प्यालेला नव्हता. मी स्लॅबच्या दुसऱ्या टोकाला होतो. मला प्लाय हवा होता, मी ओरडून मागितला. त्याला जवळचा सापडला तो त्याने उचलला आणि समोर धरून माझ्याकडे निघाला. मला प्लाय दिसत होता आणि खाली त्याचे पाय. मग पाय दिसेनात.

दारूचं मी पोलिसांना सांगितलं. मग गावाला. मग इतक्यांदा सांगितलं, की मलाच तो वास आठवायला लागला.

त्याची बायको पुतळा आमच्यापासून चार घरं सोडून राहते. आज सकाळी गेलो. ती तांदूळ पाखडत होती. मी सांगत होतो तरी सूप थांबलं नाही. मग म्हणाली, की तो गुरुवार होता आणि गुरुवारी तो पीत नसे, हे तिला तेव्हापासून ठाऊक आहे. रूपेशच्या लग्नाला ती आली होती, पण जेवली नव्हती. उपास आहे का, असं मी तिला विचारलं होतं.

तिला मी विचारलं, गावासमोर सांगू का? ती म्हणाली, आधी लिहून दे. हेच पत्र तिच्याकडे घेऊन जातो आहे. तिने पोराकडून वाचून घेतलं की संध्या तुझ्याकडे आणील. ते परत पाठव, ते तिचं आहे.

तुझी सही ड्रॉइंगवर असते. माझी आजवर कशावरच नव्हती. लोभ ठेवायचा की नाही ते आता तू ठरव.

सिताराम जोमा मढवी
मुकादम