पिवळ्या पट्ट्याबाहेर हातभर

माजी मुख्याधिकारी साहेबांना सलाम,

सीताफळाचा गाडा रस्त्यावरच्या पिवळ्या पट्ट्याबाहेर हातभर आला, त्याची किंमत दोनशे रुपये दंड आणि माझ्या भावाची, कामरानची, सरकारी ड्रायव्हरची नोकरी.

कोर्टाबाहेर कामरानच्या खांद्यावर हात ठेवून तुम्हीच म्हणालात, "कबूल करून टाक बेटा, संध्याकाळी घरी जाशील." तो घरी आला. भरतीच्या वेळी मात्र पोलिसांच्या दाखल्यावर शिक्षा निघाली. तेव्हा मी तुमच्या टेबलावर हात आपटला होता, "नोकरी गेली तर जाऊ द्या साहेब, आमी भिणारी माणसं न्हाई!" तुम्ही चहा मागवला. चहा बरा होता.

आता पाटोद्यात नियम बदललाय. पट्टा ओलांडला तर नुसती पावती फाडतात, गुन्हा नोंदवत नाहीत. परवा माझ्या दुकानाची पाटी रस्त्यावर आली, तर नवे साहेब हसून म्हणाले, "वाहेदभाई, तुमी काहून तकलीफ घेता? पावती दुकानात पाठवतो." जुन्या शिक्षा तशाच राहणार म्हणे.

हे पत्र मी टाकणार नाही. दुकानात आलात की गोड फळं निवडून देईन.

नवा नियम कामरानला नीट समजावून सांगितला. तरी नगरपंचायतीची गाडी दिसली की तो अजून गाडा टाकून पळतो.

तुमचा चहा प्यालेला,
वाहेद बागवान