तितराची डबी

महाल, नागपूर
१४ नोव्हेंबर १९६६

बाबा डबीच्या कडेवर झाकण घासत होते आणि आवाज निघत नव्हता. शिकारीत तितराला साद घालायची ही सागवानी डबी त्यांनीच कोरलेली. लकव्यानंतर आज पहिल्यांदा उजव्या हातात घेतली. पुन्हा घासली. काहीच नाही.

"माहा हात गेला गा," ते मला म्हणाले आणि डबी खाली ठेवली.

मी डबी उचलली, तर जवसाच्या तेलाचा वास. कड गुळगुळीत. मी ती बाबांच्या नाकाशी धरली.

बाबांनी आईला विचारलं, "काहून वं, हिले तेल तू लावलं?"

"मंग? लाकूड सुकून राहिलं होतं. लाटण्यालेबी लावलं."

म्हणजे तेल. हात नव्हे. मी काचकागदानं तेलकट कड खरवडली, झाकण घसरू नये म्हणून खडू लावला. बाबांनी झाकण ओढलं. पिंजऱ्यातल्या पाळीव तितरानं लगेच उत्तर दिलं.

"हा तरी आयकते माह्यं," बाबा आईकडे पाहत म्हणाले.

नुसतं तेल. वास तर मघापासून येत असणार. मग माझ्या लक्षात का आलं नाही? मीही हाताकडेच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी: बाबांनी दाढी स्वतः केली, उजव्या हातानं. हनुवटीला थोडं कापलं.