शंभर कोराड्यांचा उजेड

नागपूर, १२ ऑक्टोबर १९८६

प्रिय चारू,

तुझ्याकडून परतून आठवडा झाला, तरी तो लेसर डोक्यातून जात नाही. हिंगण्याच्या कारखान्यात मी रोज वेल्डिंगच्या ठिणग्यांत उभा असतो. आगीचं कौतुक मला कोणी सांगू नये, असा माझा तोरा होता. तो तुझ्या प्रयोगशाळेत पार उतरला. महिनाअखेर तुला तिथल्या कायम नोकरीचं हो की नाही कळवायचं आहे आणि तू ते माझ्या आईवर सोडून मोकळी झालीस. त्याचंही लिहितो, पण आधी मनातलं बोलू दे.

खरं सांगू, सुरुवातीला मला हसूच आलं होतं. लांबलचक टेबलावर काचेच्या जाड कांड्या, त्यांच्याभोवती दिवे, आणि शेजारच्या खोलीत वीज साठवायची कपाटं. दिव्यांनी काचेत ऊर्जा भरून ठेवायची आणि इवल्याशा उजेडानं एकेका काचेतून जाताना ती गोळा करत वाढायचं, हे तू समजावत होतीस. बल्बचा उजेड म्हणजे बर्डीच्या बाजारातली गर्दी, ज्याचं तोंड जिकडे तिकडे तो. हा उजेड म्हणजे कवायत, सगळ्यांचं पाऊल एकदम. मग भोंगा वाजला आणि नुसतं ‘टक्’ झालं. मी म्हटलं, डोंगर पोखरून उंदीर! तेव्हा तू सांगितलंस, की एवढ्या ऊर्जेत कपभर चहासुद्धा तापणार नाही. पण ती सेकंदाच्या अब्जाव्या भागात ओतली जाते, म्हणून तेवढ्यापुरता तिचा जोर आपल्या कोराडीच्या वीजकेंद्रासारख्या शंभर केंद्रांइतका असतो.

आणि मग तो उजेड ज्यावर पडला होता, तो पत्र्याचा तुकडा तू माझ्या तळहातावर ठेवलास. त्यात सुईच्या टोकाएवढा खड्डा. तिथे क्षणभर लाखो अंशांची उष्णता होती म्हणे, ताऱ्यांच्या पोटात असते तशी. पत्रा मात्र गार होता. चारू, मी तो पुन्हा पुन्हा उलटून पाहिला. डब्यात पोळी-भाजी नेणारी माझी बायको तिथे जाऊन हे करते, याचा मला फार अभिमान वाटला, आणि थोडी भीतीही.

आता आईचं. मंगळसूत्र, बांगड्या काढूनच आत जायचं हा तिथला नियम आहे, एवढंच तू तिला सांगितलं होतंस. सवाष्णीनं रोज लंकेची पार्वती होऊन राहायचं, म्हणजे नवऱ्याच्या, म्हणजे माझ्याच, जिवाला धोका, असं तिनं मनात घेतलं. त्यापेक्षा तू इथल्या कॉलेजात शिकवावंस, हा तिचा हट्ट तिथूनच आला. परवा मी तिला सगळं नीट सांगितलं. तो उजेड डोळ्यांना दिसतही नाही, आणि बांगडीवरून उडालेली एक तिरीपसुद्धा डोळा घेऊन जाईल.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “काहून सांगतलं नाही रे पोरीनं आधी? मंगळसूत्र तुटलं त बाई हळकुंड बांधते. तेच बांध म्हना तिले. नोकरी सोडू नोको म्हना.”

म्हणून हे पत्र. सोबतच्या पुडीत पिवळ्या दोऱ्यात ओवलेलं हळकुंड आहे. आईनं स्वतः ओवलं, आणि पुडी बांधण्याआधी अंगणातल्या उन्हात धरून चारी बाजूंनी फिरवून पाहिलं, कुठून चमकत तर नाही ना.

तुझाच,
गिरिधर