बाबांनी कापलेलं छत

२ फेब्रु., रवि.
शिवाजी पार्कला सबनीसांकडे गेलो. बाबा आणि त्यांचे दोस्त बंडूकाका यांनी परळच्या शेडमध्ये छत कापून बुटक्या केलेल्या गाड्यांपैकी शेवटची त्यांच्याकडे आहे. बाकीच्या भंगारात. सबनीस म्हणतात, "जुन्या गाड्यांच्या रॅलीत ओरिजिनलच घेतात हो. छत पुन्हा वर उचलून घेतोय. रे रोडच्या डेंटरकडे दिलीय." डेंटरने म्हणे सांगितलं, छताला जोड आहेत, ॲक्सिडेंटची गाडी. ॲक्सिडेंट! शिसं वितळवून भरलेले, कानशीने घासलेले जोड ते. डोकं फिरलं. पोहे तसेच टाकून निघालो.

४ फेब्रु., मंगळ.
बँकेत लक्ष नाही. लंचमध्ये बाबांच्या गाड्यांवर लिहितोय त्या लेखाची पानं काढली, पुढे सरकेना. अमेरिकेतल्या पोरांनी जुन्या गाड्या कापून हॉट रॉड केल्या, त्यावर ढिगाने पुस्तकं. आपल्याकडच्यांवर अर्धं पान नाही. बंडूकाका गोदीत कामाला होते. कुण्या खलाशाने टाकलेलं मासिक घेऊन आले, त्यात अशा गाडीचा एकच फोटो, तोही समोरून. मग मिलची पाळी सुटली की बाबा शेडमध्ये. आणली कोणती, तर जिला सगळे डुक्कर म्हणायचे ती गाडी. पुढचं फोटोत बघून केलं. मागून कशी असते ते दोघांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून मागचा उतार मनानेच काढला, डिकीपर्यंत सरळ घसरत गेलेला. असा मी तरी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. गिरगावात वरातीला हीच गाडी लागायची. छत एवढं खाली की नवरदेव फेटा मांडीवर घेऊन बसायचे.
हे सगळं आता तो डेंटर उचलणार.

८ फेब्रु., शनि.
सबनीस माझा फोन घेत नाहीत. शेवटी बायकोच्या, सुनीताच्या मोबाइलवरून लावला, लगेच उचलला! म्हटलं, उद्यापर्यंत थांबवा, बाबांना घेऊन येतो, ज्याने केली त्याच्याकडून ऐका. "बरं, आणा."
हुश्श.
बाबांना बळ यावं म्हणून मोबाइलवर अमेरिकन गाड्या दाखवल्या. बघा, तुम्ही यांच्या तोडीचं केलंत. बराच वेळ बघत होते. "पाठसून दाखव." दाखवलं.
"पाठ अशी असता होय?"


९ फेब्रु., रवि.
रे रोड. सत्यानाश.
बाबांना बघून सबनीस विरघळले. "रॅली गेली उडत. तुम्ही म्हणाल तसं करू." मी जिंकलो होतो! आणि बाबा गाडीच्या मागे जाऊन उभे. उतारावर हात फिरवला. "ह्या चुकला. बंडू म्हणालो, चलात. माका तेव्हाच पटला नव्हता." डेंटरकडून खडू घेतला आणि माझ्या देखत रेघ मारली. "हयसून कापूक व्हया."
म्हटलं, बाबा, बाकी सगळी नक्कल, हा उतार तेवढा तुमचा स्वतःचा.
"तुका काय कळता त्यातला? पाठचो फोटो गावलो असतो तर असा केला असता काय आम्ही?"
डेंटर हसतोय. सबनीस मान डोलावतायत.

११ फेब्रु., मंगळ.
बाबांशी बोलणं बंद. फोटो मीच दाखवले, आपल्याच हाताने पायावर धोंडा. सुनीता म्हणते, "त्यांची गाडी, त्यांची चूक, सुधारू दे की." ती चूक नाहीये! "मग हे त्यांना सांग." सांगून सांगून घसा बसला.
सबनीसांना पुन्हा फोन. "तुम्हीच म्हणालात, ज्याने केली त्याचं ऐका."
सबनीसांना अडवता येत होतं. बाबांना कुठल्या तोंडाने अडवू? बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. या वयात.

१५ फेब्रु., शनि.
बँकेतून आलो तर बाबा गॅलरीत कानशी पुसत बसलेले. बंडूकाका गेल्यापासून इतके टवटवीत पाहिले नव्हते. त्याचाही राग आला.
आपणहून बोलले. "सोमवारी रजा टाक."
कशाला?
"पाठ मीच कापतलंय. कापताना छत धरूक दुसरो माणूस लागता. बंडू धरी. डेंटराचो हात माका नको."
आत आलो. सुनीताने दोनदा विचारलं, रजेचं काय. मॅनेजरचा नंबर काढून बसलोय.